मालूचे शांत कोंबडे

बोरगावच्या अक्काताईचा कोंबडा माणसं ओळखायचा. घरच्यांच्या वाटेला तो जात नसे. पण परका माणूस अंगणात आला की मानेची पिसं फुलवून सरळ अंगावर जायचा. पोस्टमन पत्र कुंपणावरून फेकायचा. जावई यायचा झाला, तर अक्काताई काठी घेऊन दारात उभी असायची.

एका रविवारी त्यानं शेजारच्या पोराच्या डोळ्याखाली टोच मारली. संध्याकाळी त्याचा रस्सा झाला.

अक्काताईच्या बहिणीची शाळकरी पोर मालू तेव्हा निपाणीहून मावशीकडं आलेली होती. सगळे जेवायला बसले आणि ही परसात. टाकून दिलेलं कोंबड्याचं डोकं तिनं उचललं. विडीची पानं कापायच्या कात्रीनं ते उघडलं. आत चिंचोक्याहून जरा मोठा, पांढरट गोळा निघाला.

"काय बघालीस गं त्यात?" अक्काताई दारातून ओरडली.

"राग."

"काय?"

"एवढा राग ह्येच्यात कुठं मावत हुता, त्ये बघायचं हाय."

अक्काताईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि राखेनं हात घासायला लावले. "खुळी हाय पोरगी," ती जेवणाऱ्यांना म्हणाली. सगळे हसले. मालू हसली नाही. तिला उत्तर मिळालेलं नव्हतं.

मालूची आई गंगव्वा विड्या वळायची. वडील यल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल. यल्लाप्पानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मालू पाळण्यात होती. पोरगी शिकेल तेवढी शिकवायची, हे त्यानं तेव्हाच ठरवलेलं. गंगव्वाचं म्हणणं एवढंच, की शिकू दे, पण बोटं रिकामी नकोत. म्हणून मालू मांडीवर सूप आणि सुपाच्या कडेला टेकवलेलं पुस्तक, अशी वाढली. बोटं पान गुंडाळायची, विडीचं तोंड मुरडायची, दोरा बांधायची. डोळे पुस्तकात. पान उलटायचं झालं की ती जिभेनं बोट ओलं करायची आणि तंबाखूच्या कडूपणानं तोंड वाकडं करायची. पुढं पुढं तेही करेनाशी झाली.

बेळगावात बी.एस्सी. झाली. धारवाडला एम.एस्सी. झाली. मग पुन्हा बेळगावात, कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या कोकटनूर सरांकडं संशोधनाला आली. शिष्यवृत्ती मिळाली. सरांकडची सगळी मुलं माशांवर काम करायची. नदी जवळ, मासे स्वस्त, विषय सोपा.

"तुला कुठला मासा?" सरांनी विचारलं.

"मला कोंबडा हवा, सर."

"कोंबडा? काय करणार त्याचं?"

मालूनं सांगितलं. दुसरा कोंबडा दिसला की कोंबडा चवताळतो. त्या वेळी त्याच्या मेंदूत काय होतं, ते यंत्रावर बघायचं. मेंदूच्या बाजूला खोलवर एक भाग असतो. तिथला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका विजेच्या हलक्या झटक्यानं निकामी करायचा. मग बघायचं. कोंबडा खातो, पितो, आरवतो, फक्त झुंजत नाही, असं झालं तर राग तिथून उठतो म्हणता येईल.

सरांनी एवढंच विचारलं, "यंत्र कुठंय आपल्याकडं?"

"मिळवीन."

घरी ही बातमी गेली तेव्हा यल्लाप्पा म्हणाला, "आपण रोज पंचशील म्हणायचं, आन् तू कोंबड्याची डोकी फोडणार?"

"आप्पा, ऐतवारी रस्सा कोण वरपतंय?"

"त्ये येगळं." यल्लाप्पा पुटपुटला. गंगव्वा मात्र सूप बाजूला ठेवून म्हणाली, "लोकांच्या पोरी डाक्टर होत्यात. माझी कोंबड्यांची डाक्टर. तीबी त्येंच्या डोक्याची."

यंत्र मिळालं. एका दवाखान्यानं ते मोडीत काढलं होतं. माणसाच्या मेंदूच्या लहरी कागदावर उमटवायचं यंत्र. लेखण्या बऱ्याच, पण हलत एकही नव्हती. मालूनं ते हातगाडीवर घालून खडेबाजारात ज्योतिबाच्या दुकानात नेलं. ज्योतिबा रेडिओ दुरुस्त करायचा.

त्यानं मागचा पत्रा उघडला आणि विडी विझवली. "आक्का, म्या धारवाड लावून देतो, सांगली लावून देतो. कोंबडा कुठल्या मीटरवर हाय?"

"लई बारीक मीटरवर. हलका आवाज पकडता आला पाहिजे."

"आन् खरखर?"

"खरखर नको."

"नवऱ्याच्या घोरण्यातनं डासाचा आवाज येगळा काढा म्हनालीस," ज्योतिबा म्हणाला. पण त्यानं ते केलं. महिनाभर दुपारची झोप सोडून केलं. दोन लेखण्या हलू लागल्या. मालूला दोन पुरेशा होत्या.

मेंदूत घालायच्या तारा विकत घ्यायची सोय नव्हती. केसाएवढी तार घेऊन मालूनं त्या स्वतः बनवल्या. विडीला दोरा बांधतात तशा गाठी मारून जुळवल्या. सरांनी भिंगाखाली त्या बघितल्या आणि परत दिल्या. नंतर विभागात सगळ्यांना दाखवायला मागून नेल्या.

कोंबडे तिनं निपाणी-बोरगावकडचे आणले. कोंबडीपालन केंद्रातले पांढरे कोंबडे झुंजत नाहीत, तोंड फिरवून दाणे टिपतात. तिला गावरान, भांडकुदळ हवे होते. कोंबड्यांचं डालगं घेऊन ती बसमध्ये चढली, तर कंडक्टरनं अडवलं.

"ए आक्का, कोंबड्याचं तिकीट?"

"मांडीवर घेते की."

"मांडीवरच्या पोराला तिकीट न्हाय. कोंबड्याला हाय." त्यानं डालग्यात बोट घालून मोजायला घेतलं आणि 'अय्यो' म्हणून बोट तोंडात घातलं. सगळी बस हसली. "ह्येला कुठं न्हेताय?"

"कॉलेजला."

"कॉलेजला कशाला? पोलिसात घाला. डायरेक्ट फौजदार हुईल."

त्या कोंबड्याचं नाव तेव्हापासून फौजदार पडलं. तांबडा, उंच, एका डोळ्याला जुनी खूण. विभागात त्याच्या पिंजऱ्यासमोरून कोणी जात नसे.

काम सकाळचं असायचं. कोंबडे तेव्हा तापलेले असतात. मालू त्यांच्या पायाच्या नख्यांना कापड गुंडाळायची, म्हणजे कोणी कोणाला फाडणार नाही. मधे जाळी. जाळीवर पडदा. पडदा वर गेला की दोघं समोरासमोर, एकाच्या डोक्यातल्या तारा यंत्राला जोडलेल्या. पडदा असेपर्यंत कागदावरची रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी यायची. पडदा उठला की बाभळीच्या फांदीसारखी, काटेच काटे. कोंबडा झेप घेण्याआधी रेघ झेप घ्यायची. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मालू कागद धरून तशीच उभी राहिली. जाळीवर नख्या आपटत होत्या, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

आता मेंदूतला तो ठिपका. पहिला कोंबडा ऑपरेशनमधून नीट उठला आणि नंतर गेला. जखमेभोवती पिसवा झाल्या. त्यानं पायानं खाजवून टाके उसवले. मालूला ते फार लागलं. पुढच्या कोंबड्यांच्या वेळी तिनं आधीच काळजी घेतली. खुराड्यात पिसवा झाल्या तर काय करायचं, हे निपाणीत कोणाला विचारावं लागत नाही. तंबाखूची भुकटी पसरायची. यल्लाप्पानं वखारीतली झाडलोट पोतं भरून दिली. मालूनं ती ऑपरेशन झालेल्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांत पसरली. बाकीच्यांना जखमा नव्हत्या. त्यांच्यात पसरायचं कारण नव्हतं.

जखमा भरल्या. पिसवा गेल्या. आणि कोंबडे शांत झाले.

पडदा वर जायचा. पलीकडं फौजदार थयथयाट करायचा. अलीकडचा कोंबडा त्याच्याकडं बघायचा, एक डोळा मिटायचा, आणि भुकटीत अंग घुसळून बसायचा. खायचा, प्यायचा, पहाटे आरवायचा. झुंजायचा तेवढा नाही. कागदावर दोरा ताणलेला तसाच. एक कोंबडा असा निघाला, मग दुसरा. मग सगळेच.

कोकटनूर सर रोज यायला लागले. "बेंगळूरला परिषद आहे बघ उन्हाळ्यात," ते म्हणाले. "निबंध पाठवू. आणि जूनमध्ये आपल्याकडं लेक्चररची जागा निघते. हा निबंध हातात असला तर तुझ्यासमोर कोण उभा राहतो?"

मालूनं हे घरी सांगितलं. गंगव्वानं गल्लीत सांगितलं. गल्लीनं बोरगावपर्यंत पोचवलं. अक्काताईनं निरोप धाडला, की ते पहिलं डोकं माझ्या कोंबड्याचं होतं, हे साहेबांना सांग.

फेब्रुवारी संपता संपता फौजदाराच्या पिंजऱ्यात पिसवा झाल्या. तो रात्रंदिवस अंग खाजवू लागला. मालूनं पोत्यात उरलेल्या भुकटीतली थोडी त्याच्या पिंजऱ्यात टाकली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तिनं पडदा उचलला. पलीकडं नवा कोंबडा होता, मान ताठ. फौजदारानं त्याच्याकडं बघितलं आणि खाली बसला.

मालूला वाटलं, आजारी आहे. तिनं तुरा बघितला. लाल होता. डोळे स्वच्छ. दाणे टाकले, ते त्यानं टिपले. पुन्हा पडदा टाकला, पुन्हा उचलला. फौजदार बसून होता. त्याच्या डोक्याला कोणी हात लावला नव्हता. त्याचा मेंदू होता तसा होता.

तिनं स्वतःचे हात बघितले. तळवे तपकिरी झाले होते. तिनं ते नाकाजवळ नेले. तंबाखूचा, जन्मापासून नाकात असलेला वास. म्हणूनच तो तिला इतके दिवस आला नव्हता.

ती स्टुलावर बसली. बाहेर तास बदलल्याची घंटा झाली, मुलं जिन्यावरून गेली. ती उठली. फौजदाराचा पिंजरा बाहेर काढला, पाण्यानं धुतला, उन्हात वाळवला. खाली कोरडं गवत घातलं. आठवडाभर थांबली. फौजदार पुन्हा जाळीवर धावून आला. तिनं पुन्हा भुकटी घातली. तो पुन्हा बसला. मग शंका राहिली नाही.

कोकटनूर सर निबंधाचा मसुदा वाचत बसले होते. मालूनं उभ्यानंच सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"जखमेवर टाकली होतीस?"

"जखमेवर नाही. पिंजऱ्यात. पण फक्त ऑपरेशन झालेल्यांच्या. ते त्यात बसतात, टोचतात, पोटात जाते. कोंबडे मेंदूमुळं शांत झाले की तंबाखूमुळं, हे मला सांगता येत नाही."

"मेंदूमुळंही झाले असतील."

"असतील."

"मग?"

"असतील, असं निबंधात लिहिता येत नाही सर."

सर उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. "हे मला सांगायला नको होतंस मालू."

"मग कुणाला सांगू?"

सर वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीत बसले आणि मुलीला समजावतात तसं बोलू लागले. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. वाढवून मिळत नाही. जागा जूनमध्ये भरली जाईल, तुझ्यासाठी थांबणार नाही. पुन्हा सगळं करायचं म्हणजे वर्ष जाईल. "वर्षभर खाणार काय तू?"

"विड्या वळीन."

सर हसले. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. मसुदा त्यांनी तिच्या हातात दिला. "यंत्र आणि खोली वापर. तेवढं माझ्या हातात आहे."

निपाणीला जाऊन तिनं आईला सांगितलं. गंगव्वाचा हात सुपातच थांबला.

"म्हंजी नोकरी गेली?"

"मिळालीच नव्हती गं."

"मिळणार हुती की! समद्या गल्लीला सांगून बसलोय मी." गंगव्वा तावातावानं बोलू लागली. "तंबाखू टाकलीस, टाकलीस. समदी टाकत्यात. बेंगळूरात कोण इचारणार हाय तुला, पिंजऱ्यात काय घातलंतंस म्हणून?"

"मी इचारणार."

"तूच तुला?"

"व्हय."

गंगव्वा म्हणाली, "बापावर गेलीस. डोस्क्यात एक शिरलं की शिरलं." आणि मग तिनं दुसरं सूप पायानं मालूकडं सरकवलं. "बस. पानं भिजलीत. बघू, बोटं ऱ्हायलीत का गेलीत शिकून."

बोटं राहिली होती.

वर्षभर मालूनं असं केलं. बेळगावात एक खोली घेतली. दर रविवारी निपाणीला जाऊन तयार विड्या द्यायच्या, आठवड्याची पानं आणि विडीत भरायचा जर्दा घेऊन यायचं. विडी कारखान्याचं कामाचं कार्ड आईच्या नावावर होतं, म्हणून माल निपाणीतूनच. सकाळी कॉलेज, दुपारनंतर सूप. आणि यातच खरी पंचाईत होती. जी वस्तू कोंबड्यांजवळ अजिबात जायला नको, तीच वळून ती पोट भरत होती.

मग तिनं नियम केले. विड्या वळायची साडी वेगळी, कॉलेजची वेगळी, दोन्ही एका दोरीवर वाळत घालायच्या नाहीत. सकाळी रिठ्यानं कोपरापर्यंत हात धुवायचे, नखांत काडी घालून. प्रयोगाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर, वर पांढरा कोट. तंबाखू खाणाऱ्यानं आत यायचं नाही. ज्योतिबा यंत्र बघायला आला, तर तिनं त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.

"तोंड धुऊन या."

"आक्का, कोंबड्याला मुका द्यायला न्हाय आलो मी."

"तरीबी धुऊन या."

तो धुऊन आला. पिंजरे घासले गेले. पिसवांसाठी लाकडाची राख आणि उरल्या तर हातानं वेचायच्या. सगळे कोंबडे नवे आणले. काहींच्या डोक्यात तो ठिपका केला. काहींच्या कवटीला नुसतं भोक पाडून टाके घातले, आत काही केलं नाही. ज्यांना काहीच केलं नाही, तेही त्याच राखेत, त्याच दाण्यावर, म्हणजे फरक निघाला तर तो ठिपक्यामुळंच.

जून आला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तो मुलगा माशांवर काम केलेला. स्वभावानं चांगला होता. मालूला भेटून म्हणाला, "मॅडम, वाईट वाटतंय." मालू म्हणाली, "तुम्ही विडी ओढता का?" तो गोंधळून नाही म्हणाला. "मग पिंजरे धुवायला मदत करा." तो कधीकधी करायचा.

पुढच्या जानेवारीत जखमा भरलेल्या कोंबड्यांची पाळी आली. पहिल्या सकाळी कोकटनूर सर न बोलावता आले. दारात चपला काढल्या.

पडदा वर गेला. डोक्यात ठिपका केलेला कोंबडा समोरच्याकडं बघत राहिला. मानेची पिसं हळूहळू उभी राहिली. कागदावर काटे आले. मग त्यानं झेप घेतली आणि जाळी थडथडली.

सरांनी डोळे मिटले. "संपलं."

"एक झाला," मालू म्हणाली. पडदा खाली टाकला.

दुसऱ्या दिवशी दुसरा कोंबडा. तोही झुंजला. सर आले नव्हते. त्या दुपारी मालूनं नेहमीपेक्षा जास्त विड्या वळल्या. गाठी इतक्या घट्ट बसल्या की दोरा तुटत होता.

तिसऱ्या सकाळी पडदा वर गेला आणि ठिपका केलेला तिसरा कोंबडा बसून राहिला. समोरचा जाळीवर आदळत होता. हा बघत होता. रेघ सरळ होती. दाणे टाकले, टिपले. खिडकीबाहेर कुठं कोंबडा आरवला, तर यानंही मान वर करून उत्तर दिलं. पुन्हा बसला.

मालूच्या तोंडावर आनंद नव्हता. तिनं खाली वाकून राख नाकाजवळ घेतली. पाण्याचं भांडं हुंगलं. कोटाच्या बाह्या हुंगल्या. मग स्वतःचे हात. वास आला नाही. पण या नाकाचं काय खरं? या नाकानं एकदा दगा दिला होता. आणि या कोंबड्याला रोज हाताळणारी तीच होती.

ती सरांच्या खोलीत गेली. "सर, तुम्ही तंबाखू खात नाही."

"नाही. का?"

"घरात कोणी?"

"नाही गं. झालं काय?"

"आज एक कोंबडा बसून राहिला. पुढचे आठ दिवस त्याला तुम्ही सांभाळायचं. दाणा, पाणी, राख, सगळं. मी त्याला शिवणार नाही. मी लांबून यंत्र बघीन."

सरांनी आयुष्यात कोंबडा ताटाबाहेर हाताळला नव्हता. पहिल्या दिवशी तो त्यांच्या हातून निसटून कपाटावर चढला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांचा इस्त्रीचा शर्ट घाण केला. विभागातली मुलं दारातून डोकावून हसत होती. सर कानडीत काहीबाही पुटपुटत होते, ते कोंबड्याला होतं की मालूला, कळत नव्हतं. पण आठ दिवस त्यांनी पाणी बदललं, राख बदलली.

नवव्या सकाळी त्यांनीच पडदा उचलला. मालू खोलीच्या दुसऱ्या टोकाला, यंत्रापाशी. समोरचा कोंबडा चवताळून आला. सरांचा कोंबडा बसला होता. लेखणी सरळ चालत होती.

"मालू," सर हळूच म्हणाले, जणू मोठ्यानं बोललं तर तो उठेल. "हा बसलाय."

"दिसतंय."

"अगं, मग हे खरं आहे!"

"त्याच्या मेंदूत ठिपका नेमका कुठं पडलाय, ते मेंदू कापून बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि त्या दोघांच्यात कुठं पडलाय, तेही." तिनं कागद फाडला, नीट गुंडाळला. "ते दोघं का झुंजले आणि हा का नाही, हे कळलं तर काहीतरी कळलं."

"अजून किती कोंबडे आहेत?"

"आहेत तेवढे सगळे."

सरांनी शर्टाकडं बघितलं. मग बाह्या वर सारल्या. "आता सांभाळायला कुठला देतेस?"

मालूनं लांबूनच बोट दाखवलं. शेवटच्या पिंजऱ्यातला काळा कोंबडा मान तिरकी करून दोघांकडं बघत होता.